गाडी ताशी ७० ने धावू शकते, मग सरासरी १८ च का पडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहरातल्या लाइट रेलच्या, म्हणजे ट्रॅमच्या जातीच्या हलक्या शहरी रेल्वेच्या गाड्या ताशी ७०-८० किलोमीटरने धावू शकतात, तरी १२ किलोमीटरच्या मार्गाला ३९-४० मिनिटं लागतात. सरासरी जेमतेम १८ पडते. वेगमर्यादा वाढवली तर प्रवासाचा वेळ किती वाचेल?

आधी आकडा सांगतो, मग तो कुठून आला ते. दर चारशे मीटरवर थांबा असलेल्या अशा मार्गावर मर्यादा ५० वरून ७० केली, तर या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या एका खेपेत दीड मिनिटसुद्धा वाचत नाही. त्याच मार्गावर, गाडी एकदाही ५० च्या वर न नेता, आठ मिनिटं वाचवता येतात. धावांच्या वेळा मोजणं आणि त्यावरून वेळापत्रक बांधणं हेच काम मी इतकी वर्षं केलं आहे, आणि हा हिशेब प्रत्येक नव्या माणसाला मी कागदावर करून दाखवतो. ऐकून तो पटत नाही, करून पाहिला की पटतो.

चारशे मीटरचा एकच टप्पा घ्या. गाडीत माणसं उभी असतात, त्यामुळे वेग फार झटक्याने वाढवता किंवा कमी करता येत नाही. दर सेकंदाला वेगात १ मीटर प्रति सेकंदाचा फरक, एवढं उभ्या माणसाला सहज सोसतं. आजच्या गाड्या १.२-१.३ पर्यंत जातात, पण तोंडी हिशेबाला १ सोयीचा. ताशी ५० म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. तो वेग गाठायला १४ सेकंद लागतात आणि त्यात ९६ मीटर सरतात. थांबायला पुन्हा तेवढंच. मधले दोनशे-सव्वादोनशे मीटर गाडी पुऱ्या वेगात जाते, त्याला १५ सेकंद. म्हणजे टप्पा ४३ सेकंदांत संपला.

आता मर्यादा ७० करा. ताशी ७० म्हणजे सेकंदाला १९.४ मीटर. तो वेग गाठायला १८९ मीटर लागतात, उतरवायला १८९ मीटर. चारशेतले ३७८ मीटर वेग चढवण्या-उतरवण्यातच गेले. खऱ्या ७० च्या वेगाने गाडी धावली २२ मीटर, म्हणजे जेमतेम एक सेकंद. टप्प्याला लागले ४० सेकंद. वाचले तीनपेक्षा कमी. असे ३० टप्पे धरले तर सगळे मिळून ८१ सेकंद.

आणि ते फुकट मिळत नाहीत. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ५० च्या जागी ७० गाठायचे तर प्रत्येक टप्प्यात जवळजवळ दुप्पट ऊर्जा ओतावी लागते. ब्रेक लावताना मोटरी त्यातली काही वीज तारेत परत देतात, पण सगळी नाही. शिवाय ती परत आलेली वीज घ्यायला त्याच क्षणी जवळपास दुसरी गाडी वेग घेत असावी लागते, नाहीतर साठवायची सोय लागते. चाकं, ब्रेक आणि रूळ यांची झीजही वाढते. तीन सेकंदांसाठी हा सौदा मी कधीच सुचवणार नाही.

या हिशेबातून एक अंदाज हाताशी ठेवण्यासारखा निघतो. एक थांबा किती सेकंदांना पडतो? दार उघडं राहण्याचा वेळ घ्या आणि त्यात गाडीचा वेग मीटर प्रति सेकंदात जितका असेल तितके सेकंद मिळवा. ५० च्या वेगाला १४, ७० ला १९, ८० ला २२. दार २० सेकंद उघडं राहत असेल, तर ५० ने धावणाऱ्या गाडीचा एक थांबा ३४ सेकंदांना पडतो. गाडी जितकी वेगवान, तितका तिचा थांबा महाग.

म्हणून कमाल वेगाला अर्थ येतो तो थांब्यांमधलं अंतर वाढल्यावर. थांब्यावर २० सेकंद धरून ८०० मीटरच्या टप्प्याला ५० च्या मर्यादेत सरासरी सुमारे ३१ पडते, ७० च्या मर्यादेत ३६, आणि ८० च्या मर्यादेत ३७ च्या आतबाहेर. म्हणजे ७० नंतर वाढ जवळपास आटलीच. टप्पा दीड किलोमीटरचा असेल तर मात्र ५० ला ३८ आणि ८० ला ४९, हा फरक प्रवाशाला घड्याळात दिसतो.

हे कागदावरचं गणित प्रत्यक्षात कसं उतरतं, ते लॉस एंजेलिसच्या दोन मार्गांवर छान दिसतं. १९९० साली तिथे लाँग बीचकडे जाणारी ब्लू लाइन सुरू झाली: सुमारे ३५ किलोमीटर, २२ स्थानकं. मधल्या भागात ती मालगाड्यांच्या रुळांशेजारून ताशी ८८ किलोमीटरपर्यंत धावते, पण दोन्ही टोकांना शहरात शिरली की रस्त्यावर ५६ च्या मर्यादेत येते आणि चौकाचौकांत सिग्नलच्या हाती सापडते. मार्ग पुढे लांबवण्याआधी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला तासाहून थोडा कमी वेळ लागे, म्हणजे सरासरी ३६-३८. पाच वर्षांनी, १९९५ मध्ये, त्याच शहरात ग्रीन लाइन आली. ती बहुतेक महामार्गाच्या मधोमध, एकाही रस्त्याला समपातळीवर न छेदता जाते. सुरू झाली तेव्हा ३२ किलोमीटरमध्ये १४ स्थानकं, कमाल वेग १०५, आणि पूर्ण अंतराला सुमारे ३५ मिनिटं. सरासरी ५५. शहर एक, काळ जवळपास एक, आणि वेगात दीडपट फरक. फरक पाडला तो स्थानकांमधल्या अंतराने आणि मोकळ्या वाटेने. अर्थात महामार्गाच्या मधल्या स्थानकापर्यंत चालत जाणं ही काही आनंदाची गोष्ट नाही. गाडीने वाचवलेली मिनिटं प्रवासी तिथे पायाने परत करतो, आणि हे वेळापत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं.

ह्यूस्टनचा २००४ साली सुरू झालेला पहिला मार्ग बहुतेक रस्त्यावरूनच जातो. सुरू झाला तेव्हा तो असा होता: १२ किलोमीटर, १६ स्थानकं, सुमारे अर्धा तास, सरासरी २४. वरच्या गणिताने ८०० मीटरच्या टप्प्याला ५० च्या मर्यादेत ३१ पडायला हवी होती. मधल्या सातांचा हिशेब चौकांत, वळणांत आणि गर्दीत करावा लागतो. मेलबर्नमध्ये, जिथे ट्रॅमचं सुमारे अडीचशे किलोमीटरचं जाळं आहे आणि त्याचा तीनचतुर्थांश भाग मोटारींबरोबर रस्ता वाटून घेतो, सरासरी १६ च्या आसपास राहते.

त्यामुळे ‘लाइट रेलचा वेग किती असतो’ याला एक उत्तर नाही. हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेत सरकारी पातळीवर रुळलं, तेव्हापासून त्यात मुद्दामच बरंच काही मावतं. लंडनची १९८७ ची डॉकलँड्स लाइट रेल्वे एकाही रस्त्यावरून जात नाही, तिच्यात चालकाची केबिनही नाही. दुसरीकडे फुटपाथलगत माणसांच्या चालीने सरकणारी गाडीही लाइट रेलच. कुणी मला कमाल वेग सांगितला, तर मी लगेच दोन गोष्टी विचारतो: थांबे किती अंतरावर आणि वाट कुणाकुणाबरोबर वाटून घेतलेली आहे? त्यावरून सरासरी काढता येते. कमाल वेगावरून काढता येत नाही.

आता मूळ प्रश्नातल्या ३९ मिनिटांकडे येऊ. नमुन्यादाखल १२ किलोमीटरचा मार्ग, ३० टप्पे, मर्यादा ५०. नुसतं धावायला लागतात २१ मिनिटं २१ सेकंद. मधल्या २९ थांब्यांवर २०-२० सेकंद म्हणजे ९ मिनिटं ४० सेकंद. वाटेत २० सिग्नल आहेत, निम्मे लाल मिळतात, प्रत्येक लाल सिग्नलला सरासरी २५ सेकंद थांबणं आणि वर वेग उतरवण्या-चढवण्याचे १४, म्हणजे दहा सिग्नलांचे साडेसहा मिनिटं. चार काटकोनी वळणं, त्यांचं दीड मिनिट. बेरीज ३९. यातली जवळजवळ १४ मिनिटं चाकं फिरतच नाहीत. वेग वाढवायचा तर आधी या १४ मिनिटांना हात घालायचा.

रेल्वेत जुन्या माणसांनी शिकवलेली गोष्ट इथेही लागू पडते: वरचा वेग वाढवण्याआधी खालचा वाढवा. पाचशे मीटरचा एखादा तुकडा गाडी १५ ने सरकत पार करत असेल तर दोन मिनिटं जातात. तो २५ वर आणला की ४८ सेकंद वाचतात. तेवढाच तुकडा ७० च्या जागी ८० ने कापला तर वाचतात तीन सेकंद. मार्गाचा नकाशा पुढ्यात आला की म्हणूनच माझी नजर आधी सगळ्यात हळू जागा शोधते.

यातली सगळ्यात मोठी चोरी चौकात होते. ती कशी ते मी एका सकाळी चालकाच्या पाठीमागे उभा राहून सेकंदकाट्याने टिपलं होतं. थांबा चौकाच्या अलीकडे होता. गाडी थांब्याशी येत असताना पुढचा सिग्नल हिरवा होता. दारं उघडली, माणसं चढली-उतरली, १८ सेकंदांत काम संपलं. दार बंद होण्याची घंटा वाजली, दारं मिटली, चालकाने हात गाडीला वेग देणाऱ्या दांड्यावर ठेवला, आणि सिग्नल लाल झाला. गाडी दारं बंद करून, भरलेली, तयार, ५२ सेकंद जागेवर उभी. एक मुलगा धावत आला आणि काचेवर हात ठेवून उभा राहिला. चालकाला दार पुन्हा उघडायची मुभा नव्हती. त्या दिवशी सात खेपा मोजल्या, पाचांत त्याच चौकात हेच झालं. सिग्नलचं चक्र मोटारींच्या प्रवाहावर बसवलेलं होतं. थांब्यावर थांबणाऱ्या गाडीचा त्यात विचारच नव्हता. ती पाच खेपांची नोंद मी संबंधितांपुढे ठेवली. चक्राची सुरुवात काही सेकंदांनी पुढेमागे करायला सात महिने लागले. या गोष्टीची चीड मला अजून आहे, कारण त्यात एक रुपयाचंही बांधकाम नव्हतं.

सिग्नलला अग्रक्रम देण्याचे प्रकार फारसे गूढ नाहीत. गाडी जवळ आल्याचं रुळातल्या किंवा गाडीवरच्या यंत्राने चौकाला कळतं. हिरवा असेल तर तो काही सेकंद ताणतात, लाल असेल तर लवकर संपवतात, किंवा चक्रात गाडीसाठी वेगळा हिरवा घुसवतात. पायी रस्ता ओलांडणाऱ्यांचा वेळ मात्र कापायचा नाही. म्हातारं माणूस जितक्या चालीने जातं तितका वेळ राहिलाच पाहिजे. खरी कळ आहे ती गाडी चौकात कधी पोचेल हे आधी सांगता येण्यात. थांबा चौकाच्या अलीकडे असेल तर ते सांगता येत नाही, कारण दारापाशी किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो. थांबा चौक ओलांडून पलीकडे ठेवला तर गाडी एकसारख्या वेगाने येते, तिच्या येण्याचा क्षण वीस-तीस सेकंद आधी नक्की सांगता येतो, आणि हिरवा तिच्यासाठी धरून ठेवता येतो. नवा मार्ग आखताना या एका गोष्टीचा आग्रह धरला तर पुढची तीस वर्षं रोज फळ मिळतं. मार्ग बांधून झाल्यावर थांबा हलवणं फार अवघड.

अग्रक्रमालाही मर्यादा आहे. दोन्ही दिशांना तीन-तीन मिनिटांनी गाडी असेल तर चौकात सरासरी दर दीड मिनिटाला एक गाडी येते, आणि चौकाचं चक्रही साधारण तेवढंच असतं. त्याहून दाट गाड्या सोडल्या की प्रत्येकीसाठी चक्र मोडता येत नाही. तेव्हा सगळ्या मार्गाचे सिग्नल गाडीच्या चालीवर ओळीने बसवावे लागतात. झुरिकमध्ये १९६२ आणि १९७३ मध्ये मतदारांनी गाड्या भुयारात घालण्याच्या योजना नाकारल्या. मग शहराने आपली बुद्धी रस्त्यावरच्या ट्रॅमला सिग्नलवर थांबावं लागू नये या कामाला लावली. आज तिथल्या ट्रॅम रस्त्यावरूनच जातात आणि तरी वेळ पाळतात. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

भुयाराचा मार्गही अर्थात आहे. कॅनडात एडमंटनने १९७८ मध्ये शहराच्या मध्यात पहिल्यापासून भुयार काढलं. तीनच वर्षांनी कॅल्गरीने त्याच जातीच्या जर्मन गाड्या घेऊन मध्यवर्ती भागात त्या सरळ सातव्या अव्हेन्यूवर रस्त्यानेच चालवल्या. कॅल्गरीची गाडी शहरात हळू पडली, पण भुयाराचा पैसा वाचला. जर्मनीतल्या कार्ल्सरूहने १९९२ पासून गाड्या मुख्य रेल्वेच्या रुळांवरून थेट बाजारपेठेच्या रस्त्यावर आणल्या. त्या इतक्या लोकप्रिय झाल्या की रस्त्यावर ट्रॅमची रांगच लागू लागली, आणि अखेर २०२१ मध्ये तिथे भुयार उघडलं. भुयार वेग देतं, पण त्याहून जास्त नियमितपणा देतं. जिन्याने खाली-वर करण्यात जाणारी दोन-तीन मिनिटं मात्र त्यातून वजा करायला हवीत, विशेषतः प्रवास चार थांब्यांचाच असेल तर.

आता दारापाशी. एकही प्रवासी चढला-उतरला नाही तरी थांब्यावर दहा-बारा सेकंद जातातच: गाडी पूर्ण थांबणं, दारं सुटणं, उघडणं, घंटा, मिटणं, सगळी मिटल्याची खूण चालकाला मिळणं, ब्रेक सुटणं. प्रवाशांचा वेळ या वर येतो. फलाट आणि गाडीचा तळ एका पातळीत असेल तर एका दारातून दर माणशी एक-दीड सेकंद पुरतो. पायऱ्या असतील तर दुप्पट, आणि चालकाकडून तिकीट घ्यायचं असेल तर हिशेबच सोडा. व्हीलचेअरसाठी यांत्रिक उचलपाट वापरावा लागे तेव्हा एका थांब्यावर मिनिटं जात. पोर्टलंडमध्ये १९९७ साली उत्तर अमेरिकेतल्या पहिल्या लो-फ्लोअर, म्हणजे तळ खाली असलेल्या गाड्या आल्या, आणि ती अडचण एका पुलासारख्या फळीवर भागू लागली. यात माणसाला मिळणारा मान वेगळाच, तो सेकंदांत मोजायचा नाही.

एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. थांब्याचा वेळ सगळ्यात गर्दीचं दार ठरवतं. आठ दारांपैकी सात रिकामी आणि एका दाराशी अठरा माणसं असतील, तरी गाडी त्या अठरांसाठी थांबणार. जिना फलाटाच्या एकाच टोकाला उतरत असेल तर हे रोज होतं. फलाटावर दारांच्या जागा खुणावल्या, छप्पर पूर्ण लांबीचं केलं, की माणसं आपोआप पसरतात. पावसात तर फलाटावर गर्दी कुठे होते ते छप्परच ठरवतं. दर थांब्याला चार सेकंद असे वाचवले की २९ थांब्यांचे दोन मिनिटं होतात. वर दिलेल्या ७० च्या मर्यादेपेक्षा हे जास्त आहेत.

वळणांबद्दल लोक विचारत नाहीत, पण विचारायला हवं. रस्त्याच्या कोपऱ्यावर काटकोनात वळताना त्रिज्या पुष्कळदा २५ मीटरच मिळते. रस्त्यावर बाहेरचा रूळ उंच करता येत नाही, म्हणून प्रवासी कलंडू नयेत इतका वेग ठेवला तर तो ताशी १४-१५ येतो. वळणाची लांबी ३९ मीटर. पण ४० मीटर लांबीच्या गाडीची शेवटची चाकं वळणाबाहेर पडेपर्यंत चालकाला वेग वाढवता येत नाही. म्हणजे जवळजवळ ८० मीटर त्या चालीने जायचं, २० सेकंद. अलीकडे वेग उतरवणं आणि पलीकडे चढवणं धरून एका वळणापायी २१ सेकंद जास्तीचे जातात. यावर उपाय जुना आणि साधा: थांबा वळणाला खेटून ठेवा. गाडीला वेग उतरवायचाच आहे, तर तोच उतार दोन्ही कामांना वापरा. आखणी करणाऱ्यांनी हे जाणलं की नाही, ते मार्गावरून एकदा गेलं की कळतं.

वळणाची मर्यादा ही शिफारस नव्हे. २०१६ च्या नोव्हेंबरात दक्षिण लंडनमध्ये क्रॉयडन इथे सँडिलँड्सच्या वळणावर एक ट्रॅम ताशी ७३ किलोमीटरने शिरली. मर्यादा होती २०. गाडी उलटली, सात जण गेले. त्याच्या अलीकडे गाडी ८० ने धावू शकेल असा सरळ भाग होता, पहाटेचा अंधार आणि पाऊस होता. ८० वरून २० वर उतरायला नेहमीच्या ब्रेकने सव्वादोनशे मीटरच्या वर अंतर लागतं. म्हणून इतकी मोठी घसरण असलेल्या जागी चालकाच्या एकट्याच्या आठवणीवर विसंबायचं नाही. टप्प्याटप्प्याने उतरणारे फलक हवेत, आणि वेग जास्त असेल तर स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा हवी. यात काही सेकंद जात असतील तर जाऊ द्यावेत.

याच कारणाने रस्त्यावर ७० ची मागणी मला रुचत नाही. रस्त्यावर चालक नजरेवर गाडी चालवतो, म्हणजे समोर दिसतं तेवढ्या अंतरात थांबता आलं पाहिजे. आणीबाणीचा ब्रेक, रुळाला चिकटणाऱ्या चुंबकी ब्रेकसह, ५० वरून सुमारे ३५ मीटरमध्ये गाडी उभी करतो. चालकाला भान यायला लागणारा एक सेकंद धरला तर ५० मीटर. ७० वरून हेच अंतर ९० मीटरच्या जवळ जातं. मधल्या चाळीस मीटरमध्ये एखादं मूल असू शकतं. आणि तो ब्रेक लागला की गाडीत उभी असलेली माणसं पडतात, हाडं मोडतात. कुंपण असलेल्या स्वतंत्र वाटेवर ८०-१०० खुशाल न्या.

थांबे कमी करण्याचा विषय नाजूक आहे. बोस्टनच्या ग्रीन लाइनच्या बी शाखेवर विद्यापीठाजवळ थांबे इतके जवळ होते की २०२१ मध्ये चारांच्या जागी दोन केले. पोर्टलंडने २०२० मध्ये मध्यवर्ती भागातले काही थांबे बंद केले. चालकाच्या जागेवरून बघितलं तर हे सगळीकडे करावंसं वाटतं. पण काढलेला प्रत्येक थांबा कुणाच्या तरी दवाखान्यासमोरचा असतो. मी नियम असा ठेवतो: शेजारचा थांबा अडीचशे-तीनशे मीटरच्या आत असेल आणि वाट सपाट, सावलीची असेल तरच बोलायचं. आणि वाचलेल्या सेकंदांचा उपयोग गाड्या दाट करण्यासाठीच होणार असेल तर.

ते कसं होतं ते पाहा. आपल्या मार्गावर दर सहा मिनिटांनी गाडी हवी आहे. ३९ मिनिटं जाणं, ३९ येणं, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं विसावा: पूर्ण चक्र ८८ मिनिटांचं. सहाने भागा, १५ गाड्या लागतात. आता मर्यादा ७० करा. सव्वा मिनिट इकडे, सव्वा मिनिट तिकडे, चक्र ८५ वर आलं, गाड्या तरीही १५ च. त्याऐवजी सिग्नलच्या अग्रक्रमाने साडेसहापैकी पाच मिनिटं वाचवा, दारांवर दोन, आणि अगदी जवळजवळचे तीन थांबे एकत्र करून दीड मिनिट. खेप साडेतीस मिनिटांवर आली, चक्र ७१ चं झालं, आणि १२ गाड्या पुरल्या. उरलेल्या तीन गाड्या त्याच मार्गावर ठेवल्या तर दर पाच मिनिटांच्याही आत गाडी मिळते. फलाटावर ताटकळणाऱ्या माणसाला हे धावण्यातल्या वेगाहून अधिक जाणवतं.

विसाव्याची पाच-पाच मिनिटं बघून ‘हीच कापा’ असं सांगणारे भेटतात. ती कापू नयेत. रोजच्या धावा मोजल्या तर एकच खेप कधी २९ मिनिटांत संपते, कधी ३४. वेळापत्रक सरासरीवर बांधलं तर निम्म्या गाड्या उशिरा पोचणार. आणि उशीर आपला आपण वाढतो: मागे पडलेल्या गाडीपुढे थांब्यावर जास्त माणसं जमतात, दार जास्त वेळ उघडं राहतं, ती आणखी मागे पडते, पाठची गाडी रिकामी धावत तिला गाठते. मग दहा मिनिटं काहीच नाही आणि पाठोपाठ दोन गाड्या. टोकाचा विसावा हा पीळ सोडवतो. उलट दर टप्प्यात जास्तीचा वेळ पेरून ठेवला तर चालक लवकर पोचू नये म्हणून हळू चालवतो आणि रोजचा प्रवासच लांबतो. म्हणून धावत्या वेळा घट्ट ठेवाव्यात आणि सैलपणा टोकाला ठेवावा.

तुमच्या मार्गाचं दुखणं कुठे आहे हे तुम्हाला स्वतःला तपासता येईल. घड्याळ आणि वही घेऊन पुढच्या डब्यात बसा. तीन रकाने करा: गाडी चालत आहे, गाडी दार उघडं ठेवून उभी आहे, गाडी दार बंद करून उभी आहे. प्रत्येक बदलाला वेळ लिहा आणि शेजारी जागेचं नाव. एक खेप पुरत नाही. सकाळच्या गर्दीत पाच, दुपारी पाच, संध्याकाळी पाच अशा करा, आणि दिवस वेगवेगळे घ्या. तिसऱ्या रकान्यात एकच चौक पुन्हा पुन्हा आला, तर त्याचं नाव आणि एकूण सेकंद एका पानावर लिहून रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे आणि गाड्या जे चालवतात त्या दोघांनाही द्या. एकाला दिलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.